नदीकाठी उतरण्याआधी

सिंधू नदीच्या काठी नगरे उभी राहिली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत आणि ते खरेच आहे. मात्र मोहेंजोदडोचा भरभराटीचा काळ इसवी सनपूर्व २६०० च्या सुमारास सुरू होतो. त्या भागातील शेती त्याहून सुमारे ४,००० वर्षे जुनी आहे आणि तिची सुरुवात डोंगराच्या पायथ्याशी झालेली आहे. व्याख्यानांतून हा मधला काळ बहुधा एका वाक्यात उरकला जातो. मी आज मुख्यतः त्याविषयीच बोलणार आहे.

आदिमानवाला नदी परकी नव्हती. पाणी, शिकार आणि हत्यारांसाठी लागणारे दगडगोटे ही तिन्ही तिथेच मिळत; आपल्या नेवाशाला प्रवरेच्या गाळात डॉ. ह. धी. सांकलिया यांना सापडलेली अश्महत्यारे याचीच साक्ष देतात. पण नदीकाठी वावरणे वेगळे आणि तिच्या भरवशावर पेरणी करणे वेगळे.

बलुचिस्तानात बोलन खिंड जिथे मैदानाला मिळते, तिथे मेहेरगढ आहे. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ज्याँ-फ्रांस्वा जारिज यांनी १९७४ मध्ये तिथे उत्खनन सुरू केले. इसवी सनपूर्व ७००० च्या सुमारास वसलेल्या या वस्तीतील लोक सातू आणि गहू पिकवत, कच्च्या विटांची घरे बांधत. भाजलेली मातीची भांडी मात्र त्यांच्याकडे अजून नव्हती. सर्वांत खालच्या थरांत रानटी जनावरांची हाडे भरपूर मिळतात. वरच्या थरांत ती कमी होत जातात आणि वशिंडाच्या गुरांची हाडे वाढत जातात. शिकारी माणूस गुराखी होत गेला, ते इथे थराथराने मोजता येते, आणि म्हणूनच मला हे स्थळ कोणत्याही भव्य अवशेषापेक्षा मोलाचे वाटते.

सिंधूसारख्या नदीचा पूर उन्हाळ्यात, बर्फ वितळून आणि पाऊस पडून येतो, आणि ती पात्रही बदलते. पूर ओसरल्यावर ओल्या गाळात गहू-सातू पेरायचा आणि पुढचे पाणी चढण्याआधी कापून न्यायचा, म्हणजे आपल्याकडच्या रब्बीसारखेच हे वेळापत्रक होते. ते साधण्यासाठी बियाणे, बैल आणि साठवणीची सोय आधीच हाताशी असावी लागते. राजस्थानात कालीबंगा येथे नगरपूर्व काळातील नांगरलेले शेत सापडले आहे. त्यातील तासे, म्हणजे नांगराने पडलेल्या रेघा, एका दिशेला जवळजवळ, तर आडव्या दिशेला लांब अंतरावर आहेत. त्याच परिसरातील शेतकरी अलीकडेही अशाच तासांत कुळीथ आणि मोहरी एकत्र घेत असत.

मोहेंजोदडोच्या बांधणाऱ्यांना पुराची पक्की जाण होती. त्यांनी कच्च्या विटांचे प्रचंड चौथरे रचून त्यावर घरे उभारली. पिण्याच्या पाण्यासाठी मात्र विहिरी खोदल्या. शहरात सुमारे ७०० विहिरी असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांचे गोल कडे पाचरीच्या आकाराच्या भाजक्या विटांचे आहे. विटांची निमुळती टोके आतल्या बाजूला येतात, त्यामुळे बाहेरून माती दाबू लागली की विटा परस्परांत अधिकच आवळल्या जातात. पिढ्यान्‌पिढ्या रस्ते आणि जमीन वर चढत गेली, तशी या विहिरींची कडीही वर बांधत नेलेली आहेत.