खाल्लेलं शून्य

गणपती पेठ, सांगली. शटर अर्धंच वर गेलंय. आत हळदीचा वास आणि लेबलं छापणाऱ्या प्रिंटरची करकर. या दुकानातली किलोभर हळद पावडर ऑनलाइन मिळते ३२० रुपयांना. एका रात्री मात्र ती ३२ ला होती. भाव बदलताना मुलाच्या हातून शेवटचं शून्य राहून गेलं. सकाळी मोबाइल उघडला, तर ऑर्डरींची रांग.

"पाठवून टाक," वडील म्हणाले. "सौद्यात ठरलेला भाव फिरवतोय का आपण?"

"आप्पा, एकट्यानंच चाळीस पाकिटं मागवल्यात!"

आप्पांच्या डोक्यात मार्केट यार्डातला सौदा. तिथं लिलाव सुटला की विक्री पक्की. त्याआधी बोली मागे घेता येते. १९३० चा मालविक्री कायदाही हेच सांगतो. वेबसाइटवरचा आकडा मात्र साधारणपणे नुसतं निमंत्रण मानला जातो. ऑर्डर हा गिऱ्हाइकाचा प्रस्ताव, आणि दुकानदार 'हो' म्हणाला की करार. घोळ इथंच आहे. रात्री दोनला ते 'हो' म्हणतं कोण? 'ऑर्डर कन्फर्म' असा मेसेज पाठवून मशीन मोकळं होतं. त्यात १८७२ च्या करार कायद्याचं कलम २२: चूक एकाच बाजूची असेल, तर तेवढ्यावरून करार मोडता येत नाही.

ओडिशात २०१४ साली १९० रुपयांना दिसलेल्या लॅपटॉपची ऑर्डर कंपनीनं रद्द केली. राज्य ग्राहक आयोगानं तिला भरपाई द्यायला लावली.

सिंगापुरात उलटं झालं. जानेवारी २००३. ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर वेबसाइटवर ६६ डॉलरला. सहा जणांनी मिळून मागवले १,६०६. घरी वापरायला नव्हेत, हे उघड आहे. न्यायालय म्हणालं, भाव चुकलाय हे यांना ठाऊक होतं. करार टिकत नाही.

१९० रुपयांत लॅपटॉप येत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण सेलमध्ये वाट्टेल ते भाव 'ऑफर' म्हणून मिरवायचे, आणि अंगाशी आलं की 'गिऱ्हाइकाला कळायला हवं होतं' म्हणायचं, हेही काही पटत नाही.

पेठेतल्या दुकानातून एक-दोन पाकिटांच्या ऑर्डरी गेल्या, ३२ नंच. चाळीसवाल्याला आप्पांनी स्वतः फोन लावला.

"चूक आमची हाय. दोन पाठवतो."

पलीकडं थोडा वेळ शांतता.

"बरं, पाच करा."