दुखत नाही ती जागा

हा डबा श्रीखंडाचा. श्रीखंड संपून कितीतरी वर्षं झाली, आता त्यात आईचं इन्सुलिनचं पेन, सुयांचं पाकीट आणि का कोण जाणे एक जुनी चावी असते. रोज सकाळी आठच्या सुमारास आई हा डबा घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लोटून घेते. आज पहिल्यांदाच कॅमेरा आत आलाय, तोही "फक्त पोट दिसू दे हं, बाकी काही नको" असं तिने तीनदा बजावल्यावर.

अकरा वर्षं झाली इन्सुलिन चालू होऊन. दिवसाला दोनदा, म्हणजे आठ हजाराच्या वर वेळा टोचून झालं आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या बेंबीच्या उजव्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत. कारण साडीत तेवढंच पोट पटकन मोकळं होतं, मांडीवर घ्यायचं तर साडी वर करा, परकर वर करा, आणि घरात पाव्हणे असले की मग बघायलाच नको. पण खरं कारण तिने नंतर सांगितलं, "इथे दुखतच नाही रे, सुई गेलेली कळत पण नाही."

मागच्या वर्षी तिची शुगर वेड्यासारखी वागायला लागली. आज सकाळी 90, उद्या 260, जेवण तेच, डोस तोच. मी सरळ म्हणालो आई तू चोरून गुलाबजाम खातेस, आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

दवाखान्यातल्या सिस्टरनी पोट नुसतं बघितलं नाही, बोटांनी दाबत दाबत चाचपलं. मग माझा हात तिथे ठेवला. नीट न मळलेल्या कणकेत गुठळी लागावी तसं आत काहीतरी टणक. एकाच जागी रोज इन्सुलिन गेलं की तिथली चरबी वाढते, गाठी होतात, डॉक्टरी भाषेत लायपोहायपरट्रॉफी. तीच सुई परत परत वापरली तर आणखी भर, आणि हो, आम्ही वापरत होतो, काटकसर म्हणून. अशा जागी दुखणं कमी होतं म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो, आणि औषध मात्र कधी अडकून बसतं, कधी एकदम रक्तात उतरतं. माझ्या गुलाबजामच्या आरोपाचं उत्तर त्या गाठीत होतं.

सुईच्या जागेचं दुखणं तसं इन्सुलिनइतकंच जुनं आहे. 11 जानेवारी 1922 ला टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन दिलं गेलं आणि टोचलेल्या जागी त्याला गळू झालं, कारण तो अर्क शुद्ध नव्हता. पुढे त्याच महिन्यात जास्त शुद्ध केलेला अर्क दिला तेव्हा गुण आला. आताचं औषध शुद्ध आहे, पण जागेला विश्रांती द्यायचं काम अजून माणसाकडेच आहे.

मग आम्ही हुशारी केली. डॉक्टरांना न विचारता त्याच संध्याकाळपासून मांडीवर, तेवढेच युनिट. रात्री दोनला आई घामाने भिजलेली, हात थरथरतायत, तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली तेव्हा कुठे भानावर आली. डोस वाढत गेला होता तो गाठीच्या हिशोबाने, नव्या चांगल्या कातडीतून तो सगळाच्या सगळा लागू पडला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आधी युनिट कमी केले आणि मग जागा ठरवून दिल्या.

आईचं इन्सुलिन जुन्या प्रकारचं मिक्स आहे, म्हणजे लवकर आणि सावकाश लागू होणारं एकत्र, त्यात जागेचा फरक पडतो. पोटावरून लवकर लागू होतं म्हणून सकाळी पोट, मांडीवरून सावकाश म्हणून संध्याकाळी मांडी, म्हणजे रात्री शुगर पडायची भीती कमी. नवीन प्रकारच्या इन्सुलिनमध्ये हा फरक फारसा राहत नाही, पण जागा बदलायला त्यांनाही सुट्टी नाही. कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भागही चालतो, सगळ्यात सावकाश तिथून. दंडाची मागची बाजूही चालते, पण तिथे स्वतःचा हात धड पोचत नाही.

पोटाचे चार भाग, आठवड्याला एक. बेंबीपासून दोन बोटं लांब, कालच्या टोचलेल्या जागेपासून एक बोट लांब, गाठीच्या वाटेला जायचंच नाही. परकराची नाडी करकचते ती जागा आईने स्वतःच बाद केली. मांडीची वरची, बाहेरची बाजू, आणि संध्याकाळचं फिरून आल्यावरच, कारण टोचून लगेच चाललं तर तापलेल्या पायातून औषध भराभर चढतं. टोचल्यावर चोळायची सवय होती, तीही त्याच कारणाने बंद. सुई आता 4 मिलिमीटरची, त्यामुळे कातडीची चिमूट धरायची गरज नाही, सरळ उभी टोचायची.

आणि हिशोब कुठे, तर कालनिर्णयवर. हे बघा, दुधाच्या खाड्याशेजारी बारीक अक्षरात, डाव म्हणजे डावीकडे वर, उखा म्हणजे उजवीकडे खाली. एकदा दूधवाल्याशी हिशोब करताना डाव म्हणजे काय यावर पाच मिनिटं गेली होती.

आज डाव. पेनचं बटण दाबून ती दहा आकडे मोजते, मग सुई बाहेर. तोंड वाकडं होतं तिचं.

दुखलं का?

"दुखणारच, नवीन जागा आहे. तू कॅमेरा बंद कर आणि कांदे चिर, अर्ध्या तासात पोहे झाले पाहिजेत."