जुन्या गाडीचा पुढचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

घरातली गाडी दहा-बारा वर्षांची झाली की एक वाद हमखास सुरू होतो. एखादं मोठं बिल आलेलं असतं, नाहीतर गाडीनं ऐन घाईच्या वेळी दगा दिलेला असतो. मग घरातला एकजण म्हणतो, "आता हिच्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही." दुसरा म्हणतो, "काय झालंय तिला? अजून पाच वर्षं सहज चालेल." दोघंही अगदी ठामपणे बोलतात, आणि दोघांपैकी कुणीच गाडी खालून पाहिलेली नसते. घर सोडलं तर बऱ्याच कुटुंबांची सगळ्यात मोठी खरेदी म्हणजे गाडी. ती वैतागाच्या भरात होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. आणि जी गाडी रस्त्यावर आणणंच धोक्याचं झालंय, ती निव्वळ मायेपोटी चालवली जाऊ नये, असंही तितकंच वाटतं.

आधी पैशांचं बघू. "गेल्याच महिन्यात एवढा खर्च केला, आता कशी विकायची?" असं कुणी म्हणतं. "आजवर हिनं किती पैसे खाल्ले, आता बास!" असंही कुणी म्हणतं. दोघांचीही नजर मागे आहे. गेलेला पैसा गाडी ठेवली म्हणून परत येत नाही, आणि विकली म्हणूनही येत नाही. नुकतेच नवे टायर टाकले असतील तर ते पुढे उपयोगी पडणार आहेत, तेवढं जरूर धरा. पण त्यांचं बिल आता धरू नका. हिशेब मांडायचा तो आजपासून पुढच्या बारा महिन्यांचा. ही गाडी वर्षभरात काय मागेल, आणि तिच्या जागी आणलेली काय मागेल?

एक ठोकताळा तुम्ही ऐकला असेल: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, की गाडी काढून टाकावी. मला हा ठोकताळा पटत नाही, आणि का ते आकड्यांतच सांगतो. नव्या गाडीची किंमत १०० धरा. तुमची जुनी गाडी आज विकली तर समजा १० येतील. क्लच गेलाय, जोडीला बारीकसारीक कामं आहेत, मेकॅनिक म्हणतो ५ लागतील. ठोकताळ्याप्रमाणे गाडी गेली. पण दुसरी बाजूही मांडा ना. नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षात १५ ते २० नं उतरली असं धरू. हा घसारा कुठल्याही बिलावर छापलेला नसतो, म्हणून तो जाणवत नाही. जाणवतो तो विकायला काढल्यावर. त्यावर कर्जाचं व्याज. त्यावर नव्या गाडीचा वाढीव विमा. जुनीला या वर्षात ५ दुरुस्तीचे, आणखी ३ सर्व्हिसिंगचे, आणि तिची किंमत उतरून उतरणार ती १ नं. म्हणजे एकीकडे ९, आणि दुसरीकडे २० किंवा त्याहूनही जास्त. गाडी मुळात धडधाकट असेल, तर पैशांचा कौल बहुतेक वेळा जुनीच्याच बाजूनं लागतो. बदलायचीच ठरली, तरी तीन-चार वर्षं वापरलेली, व्यवस्थित नोंदी असलेली गाडी बघा. किमतीची सगळ्यात मोठी घसरण पहिल्या मालकानं सोसलेली असते.

"पण नवी गाडी अ‍ॅव्हरेज चांगलं देईल." देईल की. जुनी लिटरला १५ किलोमीटर देते, नवी २० देईल. ऐकायला केवढा फरक वाटतो. गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर चालत असेल, तर जुनीला ६६७ लिटर पेट्रोल लागतं आणि नवीला ५००. वाचले १६७ लिटर. तुमच्याकडच्या भावानं गुणा, आणि तो आकडा वर्षाच्या हप्त्यांशेजारी लिहून बघा. आता दुसरं उदाहरण घ्या. जुनी लिटरला ८ देते, नवी १० देणार. फरक दोनच किलोमीटरचा, पण तेवढ्याच अंतराला वाचतात २५० लिटर. म्हणून जाहिरातीतलं अ‍ॅव्हरेज बाजूला ठेवून वर्षाचे लिटर मोजावेत. ज्यांची गाडी रोज दूरवर जाते, वर्षाला ४०,००० किलोमीटर होतात, त्यांचा आकडा चौपट होतो आणि त्यांनी हा मुद्दा खरोखर गंभीरपणे घ्यावा.

पर्यावरणासाठी गाडी बदलतो म्हणणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे, पण तिथेही गणित करावं लागतं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १६७ लिटर वाचवले म्हणजे वर्षाला ३८० किलोच्या आसपास वाचला. उलट नवी गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर येईपर्यंतच तिच्या पोलाद-अ‍ॅल्युमिनियमपायी काही टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. तो ६ टन धरला, तर भरून निघायला पंधरा-सोळा वर्षं लागतात. विजेवरच्या गाडीचं गणित वेगळं: बनवताना भार जास्त, चालवताना कमी, आणि किती कमी हे तुमच्याकडची वीज कशापासून तयार होते त्यावर ठरतं. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मागून निळा किंवा काळा धूर सोडत जाणाऱ्या गाडीला या गणिताचा आधार घेता येणार नाही. तो धूर मागून येणाऱ्या माणसाच्या छातीत जातो. ती आधी दुरुस्त करा, होत नसेल तर बंद करा.

आता गाडी रॅम्पवर चढवू, कारण खरा निकाल तिथे लागतो.

लोक इंजिनाला फार घाबरतात. वेळच्या वेळी ऑइल बदललेलं, कधी जास्त न तापलेलं इंजिन दोन लाख किलोमीटरच्या पुढेही शांतपणे चालतं. माझ्या मते गाडीचं आयुष्य ठरवतो तो पत्रा. आजच्या बहुतेक मोटारींना ट्रकसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नसते. खालची फ्लोअर, दारांखालच्या लांब पेट्या, खांब, छप्पर हे सगळं एकत्र वेल्ड केलेलं असतं आणि तेच गाडीचा सांगाडा असतं. धडक बसली की तिचा जोर याच पेट्यांमधून वाहून जातो, आणि आतल्या माणसांची जागा शाबूत राहते. दाराच्या कडेला किंवा बॉनेटवर उठलेला गंज दिसायला वाईट दिसतो, पण तो वरवरचा. तोच गंज दारांखालच्या पेटीत, सस्पेन्शन जिथे बोल्टनं बसतं तिथे, किंवा सीट बेल्टच्या बुडाशी पोचला असेल तर गोष्ट फार वेगळी.

तो ओळखायचा कसा? कानानं. मेकॅनिकला म्हणावं, स्क्रू ड्रायव्हरची मूठ घ्या आणि दारांखालच्या पेटीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. कुजलेल्या जागी आवाज एकदम बसतो, बद्द येतो, आणि तांबूस पापुद्रे खाली झडतात. तिथे टोक लावून दाबलं तर ते आत जातं. जॅक लावायच्या जागा विशेष पाहा, आणि मागच्या चाकांच्या आतली बाजूही. सगळीकडे ताजा काळा थर मारलेला दिसला, तर तो का मारलाय हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. एखाद्या जागी नवा पत्रा घालून चांगलं वेल्डिंग करता येतं. पण चार-पाच जागी टोक आत गेलं, तर त्या गाडीत घरच्यांना बसवू नका. इंजिन कितीही गोड चालत असो.

पत्रा चांगला निघाला, तर मग दुरुस्त्यांकडे वळू. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, सस्पेन्शनचे रबरी बुश ही सगळी झिजण्यासाठीच असलेली कामं. ती निघाली म्हणजे गाडी संपली असं नाही. नव्या गाडीलाही ती कधीतरी निघणारच. टायमिंग बेल्टची, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणाऱ्या पट्ट्याची, मात्र तारीख चुकवू नका. कंपनीनं ठरवून दिलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना, जे आधी येईल तेव्हा, तो बदलायचाच. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, आणि साध्या बेल्टपायी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं.

काळजी करायची ती वेगळ्या लक्षणांची. इंजिन थंड ठेवणारं कूलंट सारखं कमी होतंय पण खाली थेंब नाही, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, ऑइलचं झाकण उघडलं तर आतून फिकट, दुधाळ, चिकट थर. हे हेड गास्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेल्याचं लक्षण असू शकतं. 'असू शकतं' म्हणतो, कारण थंडीत रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीतही आतल्या वाफेनं झाकणाखाली असा थर धरतो. म्हणून नुसत्या थरावरून इंजिन खोलायला देऊ नका. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, आणि कूलंटचा दाब तपासून घ्या. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीबद्दल मात्र मी आशा दाखवणार नाही. वायरिंगच्या जोडांत शिरलेली ओल पुढे कित्येक महिने एकेक दोष बाहेर काढत राहते, आणि त्याचा अंदाज चांगल्या मेकॅनिकलाही येत नाही.

तपासणी अशा माणसाकडून करून घ्या, ज्याला तुमच्या नव्या गाडीच्या खरेदीतून काही मिळणार नाही. पैसे द्या, पण तासभर मागा. आणि त्याला "गाडी कशी आहे?" असं विचारू नका; "ठीक आहे" एवढंच उत्तर मिळेल. विचारा, "ही तुमच्या घरची असती, तर येत्या वर्षात काय काय केलं असतं? आणि यातलं काय आजच केलं नाही तर जीवावर बेतेल?"

सुरक्षिततेचा मुद्दा मी सगळ्यात वजनदार मानतो. तीन ठिकाणी अडकणारा सीट बेल्ट व्होल्वोच्या गाड्यांत १९५९ साली आला, जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ साली मर्सिडीजमध्ये, आणि घसरू लागलेली गाडी एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी स्थैर्य नियंत्रण यंत्रणा, म्हणजे ईएससी, १९९५ साली. ती साध्या घरगुती गाड्यांत यायला पुढे बरीच वर्षं लागली, आणि जुन्या गाडीत ती मागाहून बसवता येत नाही. घरातलं तरुण मूल नुकतंच गाडी शिकून रात्री-अपरात्री बाहेर जाणार असेल, तर पैशांचा हिशेब काहीही सांगो, एअरबॅग आणि ईएससी असलेली गाडी मी आधी बघेन. तुमच्या गाडीत एअरबॅग असेल, तरी एक काम राहतं. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगांमधला, त्या फुगवण्यासाठी भरलेला अमोनियम नायट्रेट उष्णतेनं, दमटपणानं आणि वर्षं गेल्यानं बिघडत होता, आणि फुगवणारा भाग फुटून धातूचे तुकडे आतल्या माणसांना लागत होते. त्यापायी जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. गाडीचा १७ अक्षरी चेसिस नंबर कंपनीला कळवून तुमची गाडी अशा कुठल्या यादीत आहे का, हे विचारून घ्या. असेल तर असा भाग कंपनी फुकट बदलून देते.

मग भरवशाचं काय? याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं. ज्या घरातल्या माणसाला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, तिथे सकाळी सुरू न होणारी गाडी म्हणजे संकट. ज्यांची गाडी रविवारीच निघते, त्यांना तोच बिघाड फार तर गैरसोयीचा. म्हणून शेजाऱ्यानं गाडी बदलली, यावरून आपलं काही ठरत नाही. मात्र तुमच्याकडे गाडीच्या वयाची मर्यादा किंवा फिटनेस तपासणीचे नियम असतील, तर ते सगळ्यात आधी वाचा. आणि गाडीवर जीव असतो, हेही मला मान्य आहे. त्या प्रेमापोटी थोडे जास्त पैसे घालावेत असं घरातल्या सगळ्यांना वाटत असेल, तर जरूर घाला. फक्त ब्रेक आणि टायरच्या बाबतीत हे प्रेम मध्ये येऊ देऊ नका.

गाडी ठेवायची ठरली, तर या महिन्यात दोन कामं करा. पहिलं, ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषत राहतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पुरेशी ओल शिरली की तेच १५५ अंशांच्या आसपास उकळू शकतं. लांब उतारावर ब्रेक तापले की मग नळ्यांत वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. दर दोन वर्षांनी ते बदला. दुसरं, टायरच्या कडेवर DOT या अक्षरांपुढे जो कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाचा. ३२१९ असेल तर तो टायर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयानं कडक होतं. दहा वर्षांच्या पुढचा टायर चालवू नका, स्टेपनीसुद्धा. शिवाय नव्या गाडीचा जो हप्ता भरावा लागला असता, त्याचा एक भाग दर महिन्याला बाजूला टाकत जा. पुढचं बिल त्यातून जाईल, आणि गाडी खरोखर संपेल तेव्हा कर्जही कमी लागेल.

आणि द्यायची ठरली, तर घेणाऱ्याला गाडीतले दोष स्वतःहून सांगा. सांगाडा कुजलेला असेल तर ती चालवण्यासाठी कुणालाच विकू नका, अधिकृत भंगार केंद्रात द्या; तिथे बॅटरीतलं शिसं, ऑइल, कूलंट वेगळं काढलं जातं आणि पोलाद पुन्हा वितळवलं जातं. चांगली गाडी देताना चाव्यांबरोबर सर्व्हिसिंगच्या नोंदी आणि बिलंही द्या, आणि मालकी कागदोपत्री नव्या नावावर चढल्याचं स्वतः पाहून घ्या. तोवर तिच्यावरच्या दंडाची आणि अपघाताची विचारणा तुमच्याच दारात येऊ शकते.

नमस्कार.