४० सेंटिमीटरवरची वेस

दुर्बीण घशातून खाली उतरते आहे. नळीवर सेंटिमीटरच्या खुणा आहेत, मोजायचं समोरच्या दातांपासून. ३५... ३८... चाळिशीच्या आसपास चित्र बदलतं. आतापर्यंतचं मोतिया, फिकट अस्तर संपतं आणि तांबूस-गुलाबी सुरू होतं. मधली सीमा नागमोडी, करवतीच्या दात्यांसारखी. ही झेड रेषा. अन्ननलिका संपली, जठर लागलं.

या वेशीला हृदयातल्यासारखी पडद्यांची झडप नाही. अन्ननलिकेच्या टोकाचा तीन-चार सेंटिमीटरचा स्नायू एरवी आवळलेला असतो, घास आला की सैलावतो. त्याच्याभोवती श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याच्या, तंतूंची चिमूट. खोकलो, वाकलो, भरलेली बादली उचलली की पोटातला दाब वाढतो. त्याच क्षणी ही चिमूटही घट्ट होते.

आता दुर्बिणीचं टोक मागे वळवू आणि जठरातून वर पाहू. काळी नळी आत येताना दिसते, आणि तिला बिलगलेली एक जाड घडी. अन्ननलिका जठरात तिरकी शिरते, शेजारी डावीकडे जठराचा घुमट वर चढतो. त्या कोनातून ही घडी तयार होते. जठर भरलं की ती अन्ननलिकेच्या तोंडावर दाबली जाते. नळीभोवती फट दिसली, तर घडी सैल पडली आहे.

जेवणाने घुमट ताणला की स्नायू न गिळताही काही सेकंद उघडतो. बसलेले असू तर घुमटातली हवा ढेकर होऊन निघते. आडवे झालो तर तिथे हवेऐवजी आम्ल पोचलेलं असतं. आपण ‘पित्त वर आलं’ म्हणतो ते बहुतेकदा हेच आम्ल. यकृतातलं खरं पित्त वेगळं. डाव्या कुशीवर मात्र वेस आम्लाच्या वर राहते, म्हणून जळजळ होणाऱ्याने डाव्या कुशीवर झोपावं.

परत येताना तीन आकडे लिहायलाच हवेत: झेड रेषा, जठराच्या वळ्यांचं (आतल्या अस्तराच्या चुण्यांचं) वरचं टोक आणि श्वासपटलाची चिमूट. निरोगी माणसात तिन्ही जवळपास एकच येतात. वळ्या ३७ वर आणि चिमूट ४० वर असेल, तर जठराचा ३ सेंटिमीटर भाग छातीत सरकला आहे: हायटस हर्निया. स्नायू वर गेला, चिमूट खालीच राहिली; आता एकाच्या जोराला दुसऱ्याची साथ नाही.

वळ्या ३७ वर आणि रेषा ३४ वर असेल, तर प्रश्न वेगळा. वर्षानुवर्षं आम्ल सोसून फिकट अस्तराच्या जागी तांबूस अस्तर आलेलं असू शकतं. याला बॅरेट म्हणतात, आणि त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो. डोळ्यांनी पाहून खात्री होत नाही. त्या पट्ट्यातून दर २ सेंटिमीटरला, चारही बाजूंनी, तपासणीसाठी तुकडे घ्यायचे.