फ्रँकफर्टमध्ये व्याज उतरलं, ज्युरामध्ये घड्याळ महागलं

हे चिमट्यात धरलेलं घड्याळाचं चाक बघा, तांदळाच्या दाण्याएवढं. स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगरात, ला शो-द-फोंच्या आसपासच्या छोट्या वर्कशॉपमध्ये कारागीर डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून ते बसवतात. आता समजा या सगळ्या कामाचा खर्च येतो 120 स्विस फ्रँक. 1 युरोला 1.20 फ्रँक असा भाव असेल तर जर्मन गिऱ्हाइकाला ते 100 युरोला पडतं, आणि युरो एका फ्रँकवर आला की तेच काम 120 युरोचं. म्हणजे मालकाने दर वाढवला नाही, कारागिराचा पगार वाढला नाही, तरी माल 20 टक्क्यांनी महाग.

हे होतं कसं? तर शेजारी जर्मनीत, फ्रँकफर्टमध्ये, युरोचं व्याज ठरवणारी युरोपियन सेंट्रल बँक बसते. ग्रीस, स्पेनमध्ये हाहाकार होता, लोकांना कामं नव्हती, म्हणून तिने व्याज उतरवत नेलं. तिच्याकडे पैसे ठेवणाऱ्या बँकांना 2012 च्या जुलैत शून्य टक्के, आणि 2014 च्या जूनमध्ये तर शून्याच्याही खाली, म्हणजे पैसे ठेवायचे आणि वर आपणच भुर्दंड भरायचा. मग पैसा सुरक्षित जागा शोधतो आणि शेजारीच फ्रँक आहे, सगळे तोच घ्यायला लागले की तो महागणारच. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

स्विस नॅशनल बँकेने 6 सप्टेंबर 2011 ला जाहीर केलं होतं की युरो 1.20 फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. त्यासाठी नवे फ्रँक काढायचे आणि युरो विकत घेत राहायचं. 2014 संपेपर्यंत परकीय चलनाचा साठा 500 अब्ज फ्रँकच्या आसपास गेला, तोही 80 लाख लोकवस्तीच्या देशात!

आणि मग 15 जानेवारी 2015, गुरुवार. बँकेने ही मर्यादा अचानक काढून टाकली, स्वतःचा व्याजदर उणे 0.75 केला, तरी काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली. स्वॉच या घड्याळ कंपनीचे प्रमुख निक हायेक याला त्सुनामी म्हणाले. आठवड्याभरात फ्रँकफर्टने दरमहा 60 अब्ज युरोंची रोखेखरेदी जाहीर केली, म्हणजे बाजारात आणखी युरो ओतायचे, तेव्हा हा बांध फुटणारच होता असं मला तरी वाटतं. पण किंमत कोणी मोजली? काही कारखान्यांत कामाचे तास वाढले आणि पगार तेवढाच. महागड्या ब्रँडला गिऱ्हाईक मिळतंच हो, जीव जातो तो त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपचा, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही याचं खरंच वाईट वाटतं.

दुसरीकडे स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइत्सलिंगेनचे लोक पिशव्या घेऊन सीमेपलीकडे जर्मनीच्या कोन्स्टान्झमध्ये निघाले, दूध, मटण, डायपर, सगळं तिकडे स्वस्त. परतताना कस्टमच्या खिडकीवर रांग, हातात हिरवी पावती, त्यावर शिक्का मारला की जर्मन टॅक्सही परत मिळतो. त्यांचं तरी काय चुकलं, पण गावातला दुकानदार रिकाम्या दुकानात बसून राहिला. रुपयाच्या तुलनेतही फ्रँक 15 जानेवारीलाच वधारला, त्यामुळे तिथला टिटलिस पर्वत बघायला निघालेल्या आपल्याकडच्या मंडळींचंही बजेट वाढलं.

मधल्या काळात वर नेलेलं व्याज फ्रँकफर्टने जून 2025 मध्ये पुन्हा कापलं, 2 टक्क्यांवर आणलं. त्याच महिन्यात स्विस बँकेने आपला दर शून्यावर नेला.