बदली एकाची, बस्तान सगळ्यांचं

(जर्मनीत म्युनिकच्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी झालेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

विषय मोठा आहे, वेळ थोडा आहे आणि पलीकडच्या टेबलावर बटाटेवडे निवतायत, म्हणून मी त्यातला एकच कोपरा धरणार आहे. बाकीचं बरंचसं तुम्हाला कंपनीने नेमलेल्या रिलोकेशनवाल्या बाईंनी सांगितलेलं असतंच. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी करायची, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, मग पुन्हा परीक्षा. आणि लेटर बॉक्सवर आपलं आडनाव चिकटवायचं. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर तुमचं बँकेचं कार्ड आणि टॅक्स नंबरचं पत्र आल्या पावली परत जातं, आणि टॅक्स नंबर नसला की पगारातून सगळ्यात चढा कर कापला जाऊ शकतो.

झालं. आता माझा कोपरा. बदलीची ऑर्डर ज्याच्या नावावर नसते, त्या सोबत आलेल्या माणसाबद्दल मला बोलायचंय. बहुतेक वेळा ती बायको असते. आपल्या मंडळात आता सोबत आलेले नवरेही आहेत, त्यांनीही स्वतःला यात धरावं.

आपल्याकडे बडोदेकर बरेच आहेत. कारण उघड आहे. बडोद्याच्या आसपास इंजिनियरिंगच्या कंपन्या, त्यातल्या काहींची मुळं इकडे जर्मनीत, त्यामुळे मकरपुरा ते म्युनिक हा रस्ता आता चांगलाच मळलेला आहे. आणि चार बडोदेकर जमले की एक वाक्य हमखास येतं: "आपल्याला काय, पिढ्यानपिढ्या महाराष्ट्राबाहेर राहायची सवय!" माझ्या नवऱ्यानेही निघण्याआधी माझ्या आईला हेच ऐकवलं होतं.

मला हे काही पटत नाही. आमचे पणजोबा कोकणातून बडोद्याला आले ते संस्थानच्या नोकरीत. गादीवर सयाजीराव महाराज, कचेरीत साहेब मराठी, दांडिया बाजारात शेजार मराठी. १९०९ साली तर मराठी साहित्य संमेलनच बडोद्यात भरलं होतं. पणजोबांना मुलूख सोडल्याचं वाटलं असेल, पण परक्याच्या दारात आल्याचं नाही. राजाच आपला होता! इथे आपण येतो ते कोऱ्या पाटीने. तेव्हा बडोद्याची पुण्याई इथे पुरेल अशा भरवशावर कुणी राहू नये.

बडोद्यातून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र नक्की आहे, आणि ती माझ्या आजीकडून. आजी चौथी शिकलेली. गुजराती अक्षर तिला शेवटपर्यंत वाचता आलं नाही. पण खंडेराव मार्केटात तिच्यापुढे भाजीवाल्याचं काही चालायचं नाही. "शुं भाव?" म्हणून सुरुवात व्हायची. मग तो भाव सांगायचा, मग ती "आटलुं बधुं?" म्हणून पिशवी उचलून निघाल्याचं नाटक करायची, मग तो हाक मारायचा, मग त्याच्या मुलीचं लग्न, हिच्या गुडघ्याचं दुखणं, आणि शेवटी वर मूठभर कोथिंबीर फुकट. रोज हे. भाषा तिच्यामागे लागून आली. तिला शिकायला कुठे जावं लागलं नाही.

आता इथला बाजार बघा. सुपरमार्केटात शिरायचं, टोपली भरायची, सामान पट्ट्यावर ठेवायचं, आकडा स्क्रीनवर दिसतो, कार्ड टेकवायचं. बाटल्यांचे पंचवीस-पंचवीस सेंट परत घ्यायचे तेही मशीनकडून. आठवडाभराचा किराणा आणि भाजी तोंडातून अवाक्षर न काढता घरात येते. नवीन आलेल्या माणसाला ही सोय वाटते. पहिल्या हिवाळ्यात मलाही वाटली. डिसेंबरात साडेचारच्या आत दिवस मावळतो, बाहेर पडायचं मन नसतं, आणि पडलं तरी कुणाशी बोलावं लागत नाही. जर्मन कुणाच्या मागे लागून येत नाही. आपल्यालाच तिच्या मागे लागावं लागतं.

आता किटाबद्दल, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीबद्दल सांगते, कारण तिथे मला खरी गोष्ट कळली. किटाची जागा मिळवणं हे एक वेगळंच महाभारत आहे. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला कायद्याने जागेचा हक्क आहे, २०१३ पासून, पण हक्क असणं आणि जागा असणं यात अंतर आहे. पोट दिसायला लागायच्या आधीच अर्ज करा, असं इथल्या जुन्या बायका सांगतात ते अगदीच थट्टेत नाही. तर आमच्या लेकीला जागा मिळाली. पहिल्या दिवशी मी आपली तिला सोडून परत फिरणार, तोच तिथल्या बाई म्हणाल्या, बसा. छोट्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लागतील अशा, कोपऱ्यात बसवलं मला. पहिले तीन दिवस आईने तिथेच असायचं. खेळायचं नाही, मध्ये पडायचं नाही, फक्त दिसत राहायचं. चौथ्या दिवशी आईने काही मिनिटंच बाहेर जायचं. पोर रडलं आणि त्या बाईंकडून शांत झालं, तर पुढे वेळ वाढवायची. नाही झालं, तर परत मागे यायचं आणि आणखी काही दिवस थांबायचं. घाई नाही. लेकीसाठी एकच बाई नेमलेली, लेकीच्या खुंटीवर हत्तीचं चित्र, खाली घरात घालायचे बूट, वर चिखलात खेळायची रबरी विजार.

मी त्या खुर्चीवर बसून हिशोब मांडत होते. मी बडोद्यात अकाउंट्सचंच काम करायचे, सवय जात नाही. नवऱ्याला कंपनीने लॅपटॉप दिला, टीम दिली, कँटीन दाखवलं, अडलं तर विचारायला एक माणूस दिला. लेकीला किटाने बाई दिली, खुंटी दिली. घरात माणसं तीन. तिसऱ्याची खुंटी कुठे?

यावर नवरेमंडळी म्हणतात, हिला इथे नोकरी करायची पूर्ण मुभा आहे की! आहे. ब्लू कार्डवाल्याच्या, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना असलेल्याच्या, बायकोला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही, आल्यावर कुठलीही नोकरी करता येते. कागदावर हे फार चांगलं आहे. पण त्यामुळे घरात असं ठरतं की आधी घर लागू दे, स्वयंपाकघर बसू दे (इथे भाड्याच्या घरात बऱ्याचदा ओटासुद्धा नसतो, छताला नुसत्या वायरी लोंबत असतात), मुलं रुळू देत, मग बघू तुझ्या भाषेचं. माझं म्हणणं उलट आहे. ओटा येईपर्यंत इंडक्शनच्या एका शेगडीवर खिचडी होते. फोल्क्सहोखशूलचा, म्हणजे प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणकेंद्राचा, जर्मनचा वर्ग आधी लावा. संध्याकाळचे वर्ग असतात, नवऱ्याने त्या दोन संध्याकाळी लवकर घरी यावं. एवढं त्याला जमतं.

आणि एक हिशोबाची गोष्ट, ही प्रत्येक घरात अडते म्हणून सांगते. लग्न झालेल्यांना करवर्गाची निवड असते, म्हणजे दर महिन्याला पगारातून कर कुठल्या गटाने कापायचा त्याची. एकाच्या पगारावर घर चालतं तेव्हा सल्लागार सांगतात, नवऱ्याला तीन, बायकोला पाच. नवऱ्याच्या हातात पगार जास्त येतो, सगळे खूष. पुढे बायकोला छोटी नोकरी लागते, आणि पाचव्या वर्गामुळे तिच्या पगारातून एवढा कर जातो की चिठ्ठी बघून घरात कुणीतरी म्हणतंच, "एवढ्यासाठी कशाला धावपळ?" अहो, तो कापलेला कर दोघांचा मिळून आगाऊ भरलेला असतो! वर्षाच्या शेवटी रिटर्न एकत्र भरलं की दोघांचा मिळून कर तेवढाच निघतो, वर्ग कुठलाही असो. फरक पडतो तो दुसरीकडे. बाळंतपणानंतरचं एल्टर्नगेल्ड, म्हणजे पालकभत्ता, किंवा नोकरी गेल्यावरचा भत्ता ठरतो हातात येणाऱ्या पगारावरून. पाचव्या वर्गात तिचा तो आकडा लहान, म्हणजे भत्ताही लहान. दोघांना चौथा वर्ग, म्हणजे चार-चार, घेता येतं, अर्ज घरबसल्या ऑनलाइन होतो. तुमच्या घरासाठी काय बरं, हे आकडे मांडून ठरवा. पण तिची नोकरी परवडत नाही हे तिच्या पगाराच्या चिठ्ठीवरून ठरवू नका.

शाळेबद्दल थोडक्यात. बवेरियात चौथीतच पोरांची वाट ठरते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तिन्हींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा. इथे १ म्हणजे उत्तम हे लक्षात ठेवा, आपली उलटी मोजायची सवय आहे. तिसरीत आलेल्या मुलाच्या हातात वेळ कमी असतो. पण रेआलशूल, म्हणजे त्याखालच्या मधल्या शाळेमधूनही पुढे वर चढता येतं, म्हणून घरात सुतकी चेहरे करून बसू नका.

मंडळाकडून माझी एक मागणी आहे, आणि ती मी कार्यकारिणीला आधी सांगितलेली नाही, त्यांनी रागावू नये. आपण गणपती दणक्यात करतो, दिवाळीला बडोद्याहून लीलो चिवडा मागवतो. करूच. पण नवीन कुटुंब आलं की आपण जेवायला बोलावतो नवऱ्याच्या ओळखीने, आणि बायकोशी बोलणं होतं ते कढीपत्ता कुठे मिळतो यावर. त्याऐवजी सोबत आलेल्या प्रत्येकासाठी मंडळाने पहिले तीन महिने एक जुनं माणूस नेमावं. त्याने काय करायचं? वर्गात नाव घालायला बरोबर जायचं. डॉक्टरच्या टर्मिनचा, म्हणजे अपॉइंटमेंटचा, पहिला फोन शेजारी बसून करायला लावायचा, स्वतः करून द्यायचा नाही. शनिवारी व्हिक्टुआलियनमार्क्टला न्यायचं, तिथे भाजीवाले अजून बोलतात, घासाघीस मात्र चालत नाही. आणि मग हळूहळू बाजूला व्हायचं.

वड्यांच्या टेबलाशेजारी एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर गेल्या वर्षभरात सोबत आलेल्यांनी नाव लिहावं, उजव्या पानावर जुन्यांनी. डाव्या पानावर नाव नवऱ्याने बायकोसाठी लिहू नये, तिने स्वतः लिहावं. जोड्या आज रात्रीच लावून ग्रुपवर टाकते.