संभाव्यता नेमकी अर्धी ठेवणाऱ्या पिशव्या

नमस्कार. इतवारीच्या बाजारातून आणलेल्या या कापडी पिशवीत सारख्याच आकाराचे 4 कंचे आहेत: 3 लाल आणि 1 हिरवा. आत न पाहता एकापाठोपाठ दोन कंचे काढायचे, आणि पहिला परत पिशवीत टाकायचा नाही. पहिला लाल निघण्याची संभाव्यता 3/4 आहे. तो लाल निघाला, तर उरलेल्या 3 कंच्यांत 2 लाल राहतात, म्हणून दुसऱ्याची 2/3. गुणाकार बरोबर 1/2.

आता कोडे असे, की याहून मोठी पिशवी भरायची, पण दोन्ही कंचे लाल निघण्याची संभाव्यता तंतोतंत अर्धीच ठेवायची. 5 कंच्यांपैकी 4 लाल घेतले तर उत्तर 3/5 येते आणि 3 घेतले तर एकदम 3/10. म्हणजे अर्धा मधल्यामध्ये हुकतो. असा तो हुकतच जातो आणि थेट 21 कंच्यांवर सापडतो, जेव्हा 15 लाल असतात: 15/21 गुणिले 14/20, म्हणजे 210/420.

पहिला कंचा परत टाकायची मुभा दिली असती, तर हे कोडे कधीच सुटले नसते, कारण मग लाल कंच्यांच्या प्रमाणाचा वर्ग 1/2 यावा लागतो, आणि 2 चे वर्गमूळ अपरिमेय असल्याने तसा अपूर्णांकच नाही. एक कंचा बाहेर राहतो म्हणूनच उत्तर शक्य होते, आणि या कोड्याचे खरे सौंदर्य मला यातच दिसते.

मग पुढची पिशवी कशी शोधायची? एकूण कंचे आणि लाल कंचे या दोन्ही संख्यांच्या दुपटीतून 1 वजा करा. 4 आणि 3 वरून 7 आणि 5 मिळतात. 7 चा वर्ग 49, तर 5 च्या वर्गाची दुप्पट 50. 21 आणि 15 वरून 41 आणि 29 मिळतात. तिथे 1681 आणि 1682. फरक पुन्हा 1. अशा समीकरणांच्या एका उत्तरातून दुसरे काढण्याची ‘भावना’ ही रीत ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त दिली आहे. ती इथे लावली, की नवी पहिली संख्या म्हणजे जुन्या पहिलीची तिप्पट अधिक दुसरीची चौपट, आणि नवी दुसरी म्हणजे पहिलीची दुप्पट अधिक दुसरीची तिप्पट. 41 आणि 29 वरून 239 आणि 169 येतात. त्या दोन्हींत 1 मिळवून निम्मे केले, की 120 कंच्यांत 85 लाल. त्यापुढे 697 मध्ये 493, आणि मग 4060 मध्ये 2871. त्यासाठी मात्र पिशवीऐवजी पोतेच आणावे लागेल.